आषाढीच्या कार्यक्रमात 'अवघा रंग एक झाला' गायचं आहे. तयारी कशी करावी?

वर्षा_नाशिक

नमस्कार मंडळी. आमच्या कॉलनीत आषाढीनंतरच्या रविवारी संध्याकाळी अभंगांचा कार्यक्रम असतो. एकादशीनंतरचा रविवार अशासाठी, की कॉलनीतली काही मंडळी निवृत्तिनाथांच्या पालखीबरोबर त्र्यंबकेश्वराहून पंढरपूरपर्यंत चालत जातात. ती एसटीनं घरी परतली की कार्यक्रम. यंदा एक पूर्ण अभंग मी एकटीनं गायचा असं ठरलंय आणि मी 'अवघा रंग एक झाला' निवडलाय. चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंचा अभंग, किशोरीताई आमोणकरांची भैरवीतली चाल. लहानपणापासून ऐकत आलेय, जीव आहे माझा त्याच्यावर.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला शिकवते. गाणं गांधर्वच्या मध्यमा प्रथम परीक्षेपर्यंत शिकलेय, नंतर लग्न, बदली, मुलं यात शिकणं थांबलं. घरी तानपुऱ्याच्या ॲपवर गाते तेव्हा अभंग चांगला होतो. भजनी मंडळाबरोबर तालीम सुरू झाली आणि चित्र पालटलं. पेटी, तबला आणि चार-पाच टाळकरी एकदम सुरू झाले की मला माझाच आवाज ऐकू येत नाही. मग मी जोर लावते आणि वरच्या सुरांना आवाज चिरका होतो. लय चढत जाते. शेवटच्या चरणाशी येईपर्यंत 'पाहते पाहणे गेले दूरी' हे शब्द नीट उमटतच नाहीत, नुसता फर्राटा होतो. मधल्या दोन चरणांचा क्रमही हलतो, 'नाही भेदाचे' आधी की 'देही असोनि' आधी, ऐन वेळी गोंधळ. आणि माइक समोर आला की पहिल्याच ओळीला श्वास पुरत नाही.

समोर बसणाऱ्या आजोबा-आजींना गाथा तोंडपाठ आहे. त्यांच्यापुढे हा अभंग त्याच्या मानानं गायला जावा एवढीच इच्छा आहे. 'घाबरू नका, देवाचं नाव घ्या आणि गा' असं सगळे प्रेमानं सांगतात, पण मला प्रत्यक्ष काय करायचं ते हवंय. जवळपास महिना हातात आहे. रोज पाऊण तास काढू शकते. त्यात काय काय करू?

---

सानिका_कोथरूड

वर्षाताई, मस्त निवड! मी कराओकेवर गाते, त्यामुळे टाळ-मृदंगातलं फार सांगता येणार नाही. पण दोन गोष्टींचा मला खूप उपयोग झाला. फोनवर रोज एकदा पूर्ण गाणं रेकॉर्ड करा आणि लगेच ऐकू नका, दुसऱ्या दिवशी सकाळी ऐका. लगेच ऐकलं की आपण जे गायचं ठरवलं होतं तेच कानात वाजत असतं. सकाळी जे खरंच गायलं गेलं ते ऐकू येतं.

दुसरं, घरात कुणाला तरी समोर बसवून गा. नवरा, मुलं, शेजारच्या काकू, कुणीही. एकटीनं केलेला रियाज आणि कुणाकडे तरी बघत केलेला रियाज यात जमीन-अस्मानाचा फरक पडतो. शब्दांसाठी मोबाईल स्टँडवर लावून ठेवा, हल्ली सगळेच ठेवतात.

---

पेटीवाले_काका

वर्षाताई, मी मिरजेचा. नोकरी एसटीच्या वर्कशॉपमध्ये केली आणि संध्याकाळी पेटीची साथ. भजन, नाट्यसंगीत, स्नेहसंमेलनं, दिवाळी पहाट, सगळीकडे गाणाऱ्याच्या डाव्या हाताला बसलो. तिथून गाणाऱ्याची मान दिसते, खांदा दिसतो, मांडीवरचा हात दिसतो. समोरच्या श्रोत्याला आवाज फाटल्यावर कळतं, मला तो फाटायच्या आधी खांद्यावरून कळतं. तेव्हा जे सांगतोय ते त्या जागेवरून पाहिलेलं आहे. तुमचा अभंग माझ्याही जिवाचा आहे, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी पट्टी, म्हणजे तुमचा षड्ज (सा) पेटीच्या कुठल्या सुरावर धरायचा ते. तुम्ही पट्टी लिहिली नाहीत, पण बहुतेक क्लासमध्ये बाईंनी काळी चार (सप्तकातली चौथी काळी) दिली असेल आणि तीच आजवर चालली असेल. ती विसरा. शाळेतून आलात, चहा झाला, आवाज दिवसभर मुलांपुढे वापरून थकलाय, अशा वेळी पेटी किंवा ॲप लावून बसा. अभंगात तुम्ही सर्वांत वर जिथे जाता ती एकच जागा लागोपाठ तीनदा गा. तिसऱ्या वेळी हनुवटी वर उचलली जात असेल, मानेची शीर ताठ होत असेल, तर काळी चारवरून पांढरी पाचवर या. तरीही तेच झालं तर काळी तीन. मग खालचा सूर तपासा. सर्वांत खालची जागा बोलल्यासारखी स्पष्ट ऐकू आली पाहिजे, नुसती हवा नको. या दोन टोकांमध्ये जी पट्टी बसते ती तुमची. किशोरीताईंची पट्टी त्यांच्या गळ्याची होती. रविवारच्या संध्याकाळी तुमचा गळा जो असेल त्याच्यासाठी पट्टी निवडायची, सकाळच्या ताज्या गळ्यासाठी नाही.

पट्टी ठरली की त्याच दिवशी तबलजींना कळवा. हातोडीनं तबला थोडासाच चढतो-उतरतो. काळी चारला आणि काळी तीनला त्यांना कदाचित वेगळा तबला आणावा लागेल, काही जण षड्जाऐवजी मध्यमात किंवा पंचमात मिळवतात. स्टेजवर बसल्यावर 'जरा खाली घेऊ या का?' म्हटलं की तबला बेसूर राहतो, आणि बेसूर तबल्यावर गाणारीचा धीर पहिल्या आवर्तनातच, म्हणजे ठेक्याच्या पहिल्या फेरीतच, जातो.

आता लय. टाळ आले की लय चढणारच. हा तुमचा दोष नाही, टाळाचा स्वभाव आहे. भजनी ठेका आठ मात्रांचा, त्यात टाळकऱ्याला रंग चढला की प्रत्येक आवर्तनागणिक तो केसभर पुढे सरकतो. पाच चरणांनंतर तो केसभर बराच मोठा झालेला असतो. उपाय असा: गाण्याची लय पहिल्या ओळीवरून ठरवूच नका. जी ओळ तुम्हाला सर्वांत अडते तिच्यावरून ठरवा. तुमच्या बाबतीत ती 'पाहते पाहणे गेले दूरी'. ती ओळ प्रत्येक अक्षर स्पष्ट उमटेल अशा लयीत गा, मोबाईलमधल्या मेट्रोनोमवर (ठरावीक वेगानं टिकटिक करणाऱ्या ॲपवर) आकडा बघा आणि वहीत लिहून ठेवा. रोज रियाज सुरू करताना तोच आकडा. तालमीला तबलजींना तोच आकडा. प्रत्यक्ष कार्यक्रमात सुरू करण्यापूर्वी डोळे मिटून ती शेवटची ओळ मनात एकदा म्हणा आणि तीच लय मांडीवर हातानं तबलजींना दाखवा. पहिली ओळ थोडी संथ वाटेल. वाटू द्या. अभंग पुढे चढायला जागा राहते.

आणि टाळकऱ्यांशी बोला. हे लोक टाळतात, मोठ्या माणसांना कसं सांगायचं म्हणून. पण टाळकरी मंडळी समजूतदार असतात, त्यांना कारण सांगितलं की ऐकतात. ध्रुवपदाला (पुन्हा पुन्हा येणाऱ्या पहिल्या ओळीला) पूर्ण टाळ, चरणाला टाळ मिटून फक्त समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, हलका स्पर्श. एवढं ठरलं तरी तुम्हाला तुमचा आवाज परत मिळेल. आत्ता तुम्ही चरणात जोर लावताय तो टाळाच्या वरचढ होण्यासाठी. गोंगाटात माणूस आपोआप मोठ्यानं बोलायला लागतो, तसंच हे. टाळ बसले की जोर आपोआप उतरतो आणि चिरकणं थांबतं. त्यासाठी वेगळा गळ्याचा व्यायाम लागत नाही.

चरणांचा क्रम. यावर मी जरा थांबतो, कारण इथे पाठांतरानं काम भागत नाही, अर्थानं भागतं. अभंग बघा:

अवघा रंग एक झाला । रंगी रंगला श्रीरंग ॥
मी तूपण गेले वाया । पाहता पंढरीच्या राया ॥
नाही भेदाचे ते काम । पळोनि गेले क्रोध काम ॥
देही असोनि तू विदेही । सदा समाधिस्थ पाही ॥
पाहते पाहणे गेले दूरी । म्हणे चोखियाची महारी ॥

पहिल्यांदा सांगून टाकलं की रंग एक झाला. कसा झाला? त्याला पाहिलं आणि मी-तू उरलं नाही. मी-तू नाही म्हटल्यावर भेदाचं काय काम? म्हणून 'नाही भेदाचे' हे 'मी तूपण'च्या पाठोपाठच येणार, दुसरीकडे ते बसतच नाही. इथवर सगळं माणसाच्या मनात काय झालं त्याचं आहे. मग सोयराबाई मान वर करतात आणि देवाशी बोलतात: देही असून तू विदेही. 'तू' हा शब्द आला की समजा, तोंड विठ्ठलाकडे वळलं. हे वळण शेवटून दुसऱ्या चरणात आहे. तो चरण संपतो 'पाही'वर आणि पुढचा सुरू होतो 'पाहते'वर, म्हणजे शब्दानं शब्दाचा हात धरलेला आहे. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, जी राजाला 'पाहता' सुरू झाली ती 'पाहणे' सुद्धा दूर जाऊन संपली. एवढं एकदा मनात उतरलं की क्रम विसरणं अवघड होईल. रियाजात प्रत्येक चरणाआधी तो चरण कुणाशी बोलतोय हे मनात म्हणा: स्वतःशी, स्वतःशी, देवाशी, आणि शेवटी कुणाशीच नाही.

त्या शेवटच्या ओळीबद्दल एक विनंती. 'म्हणे चोखियाची महारी' ही ओळ पुष्कळ गायिका गिळतात, घाईनं उरकून ध्रुवपदावर येतात. तसं करू नका. ज्या बाईला त्या देवळाची पायरी चढता येत नव्हती, तिनं 'भेदाचे काम नाही' असं म्हणून खाली आपली ओळख जशी आहे तशी लिहिली. चोखोबांची समाधी आजही महाद्वारासमोर पायरीपाशी आहे, आणि ते देऊळ सर्वांना उघडं व्हायला साने गुरुजींचं १९४७ चं उपोषण लागलं. ही ओळ स्पष्ट, शांत, पूर्ण श्वासानं गा. त्यासाठी आधीच्या अर्ध्या ओळीनंतर, म्हणजे 'दूरी'नंतर, हक्कानं श्वास घ्या. तिथे अर्धं आवर्तन तबला एकटा वाजला तरी काही बिघडत नाही. उलट सभागृह कान टवकारतं.

श्वासाचंच पुढे. पहिल्या ओळीला श्वास पुरत नाही कारण माइक समोर आला की माणूस आधीच भरलेल्या छातीवर आणखी हवा घेतो. खांदे वर जातात, गळा आवळतो. म्हणून सुरुवातीला श्वास घेण्याआधी तो सोडा. पूर्ण, सावकाश, ऐकू येणार नाही असा. मग पोटात जेवढा आपोआप येईल तेवढा घ्या. तेवढा पुरतो. वहीत अभंग मोठ्या अक्षरात लिहा आणि जिथे श्वास घ्यायचा तिथे लाल उभी रेघ मारा. रोज त्याच जागी घ्या, बरं वाटलं म्हणून बदलू नका. स्टेजवर छाती धडधडायला लागली की विचार करून श्वास घेता येत नाही, सवयीनंच घेतला जातो.

सुरुवात थेट ध्रुवपदानं करू नका. आधी भैरवीचा छोटा आलाप घ्या, मध्य सप्तकातच, षड्जापासून पंचमापर्यंत जाऊन परत. सजावटीसाठी नाही. त्या आलापात तुम्हाला सभागृह कळतं, आवाज कुठून परत येतो, पेटी किती जवळ ऐकू येते, माइक किती धरतोय. आलाप चालू असताना तबला गप्प असतो, टाळ गप्प असतात. ती तुमची स्वतःशी ओळख करून घ्यायची वेळ. आलापात वरचा सूर दाखवायचा मोह आवरा.

रियाज उलटा करा. बहुतेक लोक रोज पहिल्या ओळीपासून सुरू करतात, त्यामुळे पहिली ओळ शंभरदा आणि शेवटची दहादा गायली जाते. तुम्ही पहिला आठवडा फक्त शेवटचा चरण आणि ध्रुवपद. मग त्याच्या आधीचा चरण जोडा, मग त्याच्या आधीचा. म्हणजे गाताना तुम्ही जसजशा पुढे जाल तसतशा जास्त ओळखीच्या जागेत शिराल. नंतर मुलीला किंवा नवऱ्याला सांगा, मधूनच 'तिसरा' म्हणायचं, की तुम्ही तिसऱ्या चरणापासून उचलायचं.

आणि आता जी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. स्टेजवर काहीतरी होणारच. शब्द निसटेल, माइक खरखरेल, कुणाचं तरी पोर रडेल. धीट दिसणाऱ्या गायकांचं काही चुकत नाही असं नाही. चुकल्यावर कुठे जायचं ते त्यांचं आधी ठरलेलं असतं, म्हणून त्यांचे खांदे खाली असतात. तुमचं घर म्हणजे ध्रुवपद. साथीदारांशी ठरवून ठेवा: मी चरण सोडून 'रंगी रंगला श्रीरंग'वर आले तर सगळ्यांनी ध्रुवपद वाजवायचं, आणि मी ते आणखी एकदा घेतलं तर समजायचं की मला वेळ हवाय, पेटीनं एक आवर्तन भरायचं. मग तालमीत हे मुद्दाम करा. चरण येत असताना मधेच सोडा, ध्रुवपदावर या, पेटीला भरू द्या, पुन्हा चरण उचला. तीन-चार तालमींत हे करून ठेवलंत की भीतीचा मोठा वाटा तिथेच गळून पडतो, कारण ज्याची भीती वाटते ते तुम्ही आधीच करून पाहिलेलं असतं. श्रोत्यांना तर तो गाणं फुलवण्याचाच भाग वाटतो. भजनात ध्रुवपद पुन्हा येणं हे मुळातच शोभून दिसतं.

सानिकाचं रेकॉर्डिंग दुसऱ्या दिवशी ऐकणं मला एकदम पटलं. मोबाईलवर शब्द ठेवण्याबद्दल मात्र माझं मत वेगळं आहे. पडदा मिटतो, नोटिफिकेशन येतं, आणि डोळे त्यात अडकले की गाणारी श्रोत्यांपासून तुटते. त्याऐवजी पोस्टकार्डाएवढ्या कागदावर पाच चरणांचे फक्त पहिले शब्द मोठ्या अक्षरात लिहा (अवघा, मी तूपण, नाही, देही, पाहते) आणि पेटीवर माझ्यासारखा जो कोणी बसेल त्याच्यापुढे ठेवा. तुम्ही अडलात तर तोच ओठांनी शब्द दाखवेल. साथीदार असतो कशाला?

राहिला गळा. शिक्षिकेचा गळा हा गाणाऱ्यासाठी वेगळाच प्रश्न. शुक्रवारी आणि शनिवारच्या सकाळच्या शाळेत ओरडू नका, टाळी वाजवा, फळ्यावर डस्टर आपटा, वाचन मुलांकडून करून घ्या. कुजबुजूही नका, त्यानंही गळा थकतो. पाणी आदल्या दिवसापासून प्या. स्टेजवर जायच्या आधी गटागटा प्यायलेलं पाणी स्वरयंत्रापर्यंत जात नाही, ते अन्ननलिकेत जातं आणि पोट जड करतं. जेवण दोन-तीन तास आधी, हलकं. खडीसाखर, ज्येष्ठमध चालेल. लवंग तोंडात धरू नका, घसा बधिर होतो आणि आपण किती ताण देतोय ते कळत नाही.

---

वर्षा_नाशिक

काका, हात जोडून नमस्कार. आज संध्याकाळीच पट्टी तपासली. तुम्ही म्हणालात तशी काळी चारच होती, आणि तिसऱ्या वेळी हनुवटी वर गेली! पांढरी पाचवर बसतंय. 'पाही' आणि 'पाहते'चा दुवा इतकी वर्षं ऐकून कधी लक्षात आला नव्हता. ते वाचल्यावर तो चरण वेगळाच लागला.

आता दोन शंका. आमच्याकडे माइक हातात देतात. पण मांडी घालून बसून हातात माइक धरला की माझा हात अवघडतो आणि माइक कधी तोंडाजवळ, कधी छातीशी. स्टँड मागावा का? आणि दुसरं, आजोबा मंडळी ध्रुवपदाला बरोबर गातात, मोठ्यानं, आपापल्या पट्टीत. मागच्या वर्षी एका ताईंचा अभंग त्यातच विरघळला होता. त्यांना कसं सांभाळायचं?

---

साउंड_सातारा

मॅडम, माइकचं मी सांगतो, माझा धंदाच तो. स्टँड मागाच. बूम स्टँड म्हणतात, आडवा दांडा असलेला, बसणाऱ्यासाठी तोच लागतो. माइकचं तोंड ओठांपासून चार बोटांवर, किंचित खालून वर रोखलेलं. मग पूर्ण अभंगात तुम्ही हलला तरच अंतर बदलेल. वरच्या सुराला मान थोडी मागे घ्या, बास, फार नको. हातातच धरायची वेळ आली तर जाळीवर मूठ आवळू नका आणि माइक खाली सोडून मॉनिटरकडे (गाणाऱ्याकडे तोंड केलेल्या स्पीकरच्या खोक्याकडे) रोखू नका, शिट्टी त्यानंच वाजते.

दुसरं, साउंड चेकला 'हॅलो हॅलो, माइक टेस्टिंग' करून उठू नका. त्यावरून आम्हाला काहीच कळत नाही. तुमची सर्वांत वरची ओळ पूर्ण जोरात गा आणि सर्वांत हळू ओळ पण गा, टाळ वाजवत असताना. मग ऑपरेटरला स्पष्ट सांगा: 'माझ्या मॉनिटरमध्ये माझा आवाज आणि पेटी द्या, टाळ नको.' टाळाला माइकची गरज नसते, तो तसाच अख्ख्या हॉलला पुरतो. कॉलनीच्या कार्यक्रमात पुष्कळदा मॉनिटरच लावत नाहीत, सगळी खोकी लोकांकडे तोंड करून. मग गाणाऱ्याला स्वतःचं काही ऐकू येत नाही. एक छोटं खोकं तुमच्या समोर उलटं लावायला सांगा. भाडं फार वाढत नाही त्यानं.

इकोचं पण सांगून ठेवतो. भक्तिगीत म्हटलं की आमची पोरं इको वाढवून ठेवतात. शब्दावर शब्द चढतो आणि परत येणाऱ्या आवाजामुळे लय चुकते. थोडा रिव्हर्ब (घुमारा) ठीक, इको बंद. आणि रिकाम्या हॉलमध्ये आवाज घुमतो म्हणून घाबरू नका. माणसं बसली की ती आवाज पितात. उलट कार्यक्रमाच्या वेळी कोरडं वाटेल, तेव्हा जोर लावू नका, आम्ही इकडून वाढवतो.

---

सानिका_कोथरूड

काका, पोस्टकार्डची कल्पना मी चोरतेय हं. कराओकेला साथीदार नसतो, पण पहिले शब्द तेवढे लिहिण्याचा प्रयोग करून बघते.

---

पेटीवाले_काका

खुशाल घे, सानिका.

वर्षाताई, आजोबांना थांबवू नका. त्यांनी अख्खी वाट चालत हा अभंग गायलाय, तो त्यांचाही आहे. त्यांना जागा द्या, म्हणजे तुमची जागा तुमच्याकडे राहील. सुरुवातीला आलापाच्या आधी दोन वाक्यं बोला: 'ध्रुवपद आपण सगळे मिळून म्हणू या, चरण मी म्हणते.' वारकरी माणसाला हे लगेच समजतं, कीर्तनात तो तेच करत आलाय. मग ध्रुवपद पहिल्यांदा एकट्या गा, पट्टी त्यांच्या कानात बसू द्या, आणि दुसऱ्यांदा हात पुढे करून त्यांच्यावर सोडा. त्यांनी म्हणावं, तुम्ही नुसता षड्ज धरा किंवा चक्क गप्प बसून श्वास घ्या. ते पट्टी सोडून गेले तरी तुम्ही त्यांच्या मागे जाऊ नका. पेटीवाल्याला सांगून ठेवा की चरण उचलायच्या आधी त्यानं तुमचा पहिला सूर दाबून धरायचा, थोडा मोठा. तुम्ही त्या सुरावर चरण उचला, आजोबांच्या सुरावर नाही.

एक अडचण येईल ती आधीच सांगतो. सगळे ध्रुवपद म्हणायला लागले की लय पुन्हा चढते. ती तिथेच अडवायची नाही, भांडण होईल. चरण सुरू करताना पहिला शब्द थोडा लांबवा, 'मीऽऽ तूपण', आणि त्या लांबवण्यात तबलजी तुमच्याकडे बघून जुन्या लयीवर येतील. हे त्यांच्याशी तालमीत ठरवा आणि करून बघा. जाणता तबलजी असेल तर तुम्हाला सांगावंही लागणार नाही.

तानपुऱ्याचं ॲप कार्यक्रमातही चालू ठेवा, आलापापुरतं तरी, आणि ते साउंडवाल्यांना जोडायला द्या, मांडीवर ठेवलं तर कुणालाच ऐकू जात नाही. फोन विमान मोडवर. पांढरी पाच लावलेली आहे ना ते स्टेजवर चढायच्या आधी एकदा पेटीवर दाबून तपासा. या ॲपमध्ये बोट लागून पट्टी सहज सरकते.

पुढच्या तालमीचं रेकॉर्डिंग झालं की लय किती चढतेय ते पहिल्या आणि शेवटच्या ध्रुवपदावर मेट्रोनोम लावून बघा, आणि दोन्ही आकडे इथे टाका. त्यावरून टाळ आणखी किती बसवायचे ते सांगतो.